ड्रम थांबतात तेवढा वेळ

मोझ्ली कॉलेजच्या मैदानावर खरं गवत ठेवायचं की प्लॅस्टिकचं टाकायचं, हे शेवटी बँडमास्तरने ठरवलं. फुटबॉलच्या कोचने नाही आणि कॉलेजच्या अध्यक्षबाईंनीही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या गावात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मोझ्लीचा फुटबॉल संघ बहुतेक वेळा हरतो. तरी शनिवारी स्टेडियम भरतं, ते मध्यंतरासाठी. मध्यंतरात बँड मैदानात उतरतो तेव्हा उकडलेल्या शेंगा आणायला कुणी उठत नाही. शेंगा आणायला लोक खेळ चालू असताना जातात.

स्टेडियमच्या माइकवर मी बोलतो. चेंडू हातात घेऊन कोण किती यार्ड पळालं, कुणाची गाडी पाद्रीसाहेबांच्या जागेवर लागली आहे, एवढंच माझं काम. वरच्या खोलीतून सगळं दिसतं, म्हणून मला ते काम आवडतं.

बँडमास्तर म्हणजे डॉ. लुशियस मॅबरी. सगळे त्याला डॉक म्हणतात. आम्ही कॉलेजात एका खोलीत राहत होतो. त्याची बायको व्हर्लीन बँडपुढे नाचणाऱ्या मुलींना शिकवते. माझी बायको आयडेल गेली तेव्हापासून चर्च सुटल्यावर रविवारचं जेवण मी त्यांच्याकडेच जेवतो. त्यांनी मला रीतसर कधी बोलावलं नाही. व्हर्लीन एक ताट जास्त मांडायला लागली, आणि मी जायला लागलो.

डॉकला एकच गोष्ट हवी होती. निवृत्त होण्याआधी एक पूर्ण हंगाम त्याच्या बँडला स्टेडियमच्या आत सराव करायचा होता. मोझ्लीत हे कधी झालेलं नाही. मैदानाच्या किल्ल्या ऑडी क्रम्प्टनकडे असतात. ऑडी आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या हाताखालचा कारभारी आहे, आणि मैदानाचं फाटक तो चर्चच्या दानपेटीसारखं सांभाळतो. बँडची पोरं गुडघे छातीपर्यंत उचलून चालतात आणि बूट आपटतात. दोनशे जणांनी आठवडाभर तसं केलं तर शनिवारी मातीच उरेल, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही.

त्यामुळे बँड सराव करतो तो ग्रंथालयामागे, गाड्या लावायच्या डांबरी जागेत. तिथे डॉकने मैदानाच्या रेघा रंगवून घेतल्या आहेत. पण एक जुनी निळी गाडी तिथून कधीच हलत नाही. ती कुणाची आहे ते सुरक्षारक्षकांनाही माहीत नाही. ट्युबावाले, म्हणजे ती सगळ्यांत मोठी पितळी वाद्यं वाजवणारे, तिला वळसा घालून जायला शिकले. इतके शिकले की शनिवारी खऱ्या मैदानावरही त्या ठिकाणी आले की वळसा घालतात. पाहुण्या कॉलेजांना वाटतं ती काही खास चाल आहे. एकाने तिची नक्कलही केली.

मागच्या वर्षी होमकमिंगला, म्हणजे जुने विद्यार्थी परत येतात त्या शनिवारी, मैदान ओलं होतं. ऑडीने बँडला आत सोडलं नाही. बँडने बाकांवर बसूनच वाजवलं. त्या दिवशी अटलांटाहून एक दंतवैद्य आला होता. तो पूर्वी डॉकच्या हाताखाली ट्रम्पेट वाजवायचा, आणि आता त्याचे बरेच दवाखाने आहेत. तो आपल्या मुलांना बँड दाखवायला घेऊन आला होता. सोमवारी त्याने अध्यक्षबाईंना फोन केला. मैदान नव्याने करून देतो म्हणाला. गवत की प्लॅस्टिक, ते डॉक मॅबरी सांगेल तसं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर एक पैसा देणार नाही.

मग डॉकला भाव आला.

कोच स्टॅलवर्थ एवढ्या वर्षांत त्याला "ए म्युझिक" अशी हाक मारायचा. तो एका संध्याकाळी धुरावर भाजलेल्या बरगड्यांचा ट्रे घेऊन मॅबरींच्या पायरीवर उभा राहिला. मी आत बसलो होतो.

"डॉक, रात्रभर लाकडावर ठेवलं होतं. तुमच्यासाठी."

"ये ना कोच. माझं घर सापडलं का लगेच? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच येतोयस, म्हणून विचारतो."

कोच हसला. बसला. पोरांच्या गुडघ्यांविषयी बोलू लागला. प्लॅस्टिकमध्ये बुटाचे खिळे अडकतात, म्हणाला. पाय तिथेच राहतो आणि पोरगा वळतो. खऱ्या गवतात तसं होत नाही. गवत उखडतं आणि गुडघा वाचतो.

"म्हणजे गवत उखडलं तर चांगलं," डॉक म्हणाला.

"अगदी बरोबर."

"मग माझ्या पोरांनी उखडलं की डीकन क्रम्प्टन मला सैतान का म्हणतात?"

कोचने आणखी एक बरगडी उचलली. तो बरगड्या संपेपर्यंत थांबला आणि गेला. व्हर्लीन हाडं गोळा करत म्हणाली, "मीठ कमी होतं."

"गुडघ्यांचं त्याचं खरं आहे," डॉक म्हणाला.

"खरं आहेच. पण मीठ कमी होतं."

ऑडी काहीही घेऊन आला नाही. तो चर्चच्या अंगणातच डॉकसमोर येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून.

"डॉक, तुम्हाला अंधारात ठेवून मला काही मागायचं नाही. तुम्ही गवत म्हणालात तर नवं गवत जुलैत येईल. शेतातून वळकट्या करून आणतात, जमिनीवर पसरतात. मुळं खाली धरायला वेळ लागतो. त्या पहिल्या हंगामात मी बँडचे बूट आत येऊ देणार नाही. सरावाला नाही, मध्यंतरालाही नाही. हे आधीच सांगतो."

"पुढचा हंगाम माझा शेवटचा आहे, डीकन."

"माहीत आहे मला. म्हणूनच आधी सांगतो."

"आणि फुटबॉलवाले? ते काय मोजे घालून खेळणार?"

"त्यांना थांबवायची ताकद माझ्यात नाही. तुम्हाला थांबवायची आहे."

डॉकला हे इतकं अनपेक्षित होतं की तो मोठ्याने हसला. जेवताना त्याने व्हर्लीनला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना हसला नाही.

तर हिशोब सरळ होता. प्लॅस्टिक घेतलं तर डॉकला अख्खा हंगाम स्टेडियम. सकाळी, दुपारी, पावसात, कधीही. गवत घेतलं तर शेवटच्या वर्षी तो मैदानाच्या रेघेबाहेर उभा. डॉकने प्लॅस्टिक ठरवलंच होतं. दंतवैद्याला ते कळवणं तेवढं बाकी होतं.

मे महिन्यात प्लॅस्टिकच्या कंपनीचा विक्रेता आला. बँडच्या हॉलबाहेर त्याने नमुन्याचा एक लांब पट्टा अंथरला, वर रबराचे बारीक काळे दाणे टाकले आणि ब्रशने घोळवले. सकाळची वेळ होती. अध्यक्षबाई आल्या, कोच आला. ऑडीही आला, पण तो पट्ट्याच्या कडेला उभा राहिला, वर चढला नाही. डॉकने ट्रॉम्बोनवाल्यांची एक रांग त्यावरून चालवली. पोरांनी गुडघे उचलले, बूट आपटले. पट्ट्याला काही झालं नाही. एक पोरगा मुद्दाम टाच रुतवून फिरला. तरी काही झालं नाही. डॉकने वाकून त्या जागेवरून हात फिरवला आणि आमच्याकडे पाहिलं. त्याला इतकं खुश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बघा डीकन, ना पाणी, ना कापणी!"

"ना वास," ऑडी म्हणाला.

व्हर्लीनच्या मुली बाजूला उभ्या होत्या. त्यांची कप्तान कीऑना हिने विचारलं, "मिस व्हर्लीन, आम्ही करून बघू का?"

"आज नको, बाळ. तुम्ही क्लासला जा."

मुलींचं काय, ते सांगायला हवं. बँडचं शेवटचं गाणं चालू असतं. मध्येच सगळे ड्रम थांबतात, पितळी वाद्यं थांबतात. त्या क्षणी मुली एकदम खाली जातात. पाय दोन बाजूंना पसरून जमिनीला टेकतात, मग पाठीवर आडव्या होतात, हात पसरतात आणि तशाच पडून राहतात. अख्खं स्टेडियम ओरडतं, "खाली!" मग पुन्हा शांतता. मग ड्रम सुरू होतात आणि मुली उठतात. एवढंच. पण मोझ्लीत लोक त्यासाठीच येतात. लग्नाच्या जेवणात म्हाताऱ्या बायका खुर्चीवर बसल्या बसल्या हात पसरून ते करून दाखवतात.

याची सुरुवात चुकीतून झाली. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा एका सामन्यात ड्रमवाल्यांची मोजणी चुकली आणि ते थांबले. त्यांचं ऐकून बाकीचेही थांबले. बँड मैदानाच्या मध्यभागी गप्प उभा. व्हर्लीन तेव्हा मुलींची कप्तान होती. काहीतरी करायला हवं म्हणून ती खाली गेली, आणि तिच्या मागे सगळ्या गेल्या. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. पुढच्या शनिवारी लुशियसने, म्हणजे आमच्या डॉकने, ते थांबणं गाण्यात लिहून टाकलं. तो तेव्हा ट्रॉम्बोन वाजवायचा आणि बँडसाठी गाणी लिहून द्यायचा. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो, पण खरं सांगायचं तर ते पहिलं "खाली" मी पाहिलं नाही. मी शेजारी बसलेल्या मुलीकडे बघत होतो. तिचं नाव आयडेल आहे हे मला नंतर कळलं.

पट्टा अंथरला त्याच आठवड्यातल्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही तिघं डॉकच्या गाडीत बसलो. डॉकने घराकडे वळण घेतलं.

"बँडच्या हॉलकडे घे," व्हर्लीन म्हणाली.

"कोंबडी ओव्हनमध्ये आहे म्हणालीस ना?"

"कोंबडी कुठे पळून जात नाही. घे."

ऊन डोक्यावर होतं. हॉलबाहेर चिटपाखरू नव्हतं. व्हर्लीनने जांभळा रविवारचा ड्रेस घातला होता, डोक्यावर मोठी टोपी. ती पट्ट्याशी गेली, बूट काढून बाजूला ठेवले, माझ्या खांद्याला धरून खाली वाकली आणि प्लॅस्टिकवर बसली. पाय समोर पसरले. मग मागे झाली आणि टोपीसकट आडवी झाली. हात दोन्हीकडे पसरले.

"व्हर्लीन, हे काय चाललंय?" डॉक म्हणाला. "लोक बघतील."

"वाजव," ती म्हणाली.

"काय वाजव?"

"मनात वाजव. ड्रम थांबले. आता ते पुन्हा कधी सुरू होतात ते सांग."

डॉक मनात मोजत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मीही मोजत होतो. ते थांबणं वरून माझ्या खोलीतून पाहताना चटकन संपतं. तिथे उभं राहून ते फार लांब वाटलं. व्हर्लीनचा चेहरा ताणला गेला होता. डोळे मिटलेले. ती हलली नाही.

"सुरू," डॉक म्हणाला. "सुरू झाले! ऊठ, ऊठ."

आम्ही दोघांनी तिला धरून उठवलं. तिचे तळहात लाल झाले होते. दंडाच्या मागच्या बाजूलाही लाल पट्टे उठले होते, आणि त्यात काळे दाणे चिकटले होते. तिने ते एकेक करून झटकले.

"सकाळी एवढं तापत नाही," डॉक म्हणाला.

"सामना सकाळी असतो का?"

"पाणी मारता येतं. तो विक्रेता म्हणाला होता. मध्यंतराच्या आधी पाणी मारायचं."

व्हर्लीन बूट चढवत होती. ती थांबली. "प्लॅस्टिकला पाणी घालायचं? हे ऑडीला तू सांग. मला त्याचं तोंड बघायचंय."

आणि ती हसायला लागली. डॉक हसला नाही. त्याने गाडी सुरू केली.

कोंबडी थोडी कोरडी झाली होती. बटर बीन्स होते, कॉर्नब्रेड होता. डॉकने प्रार्थना म्हटली, पण अर्ध्यातच संपवली.

"मुलींनी उभ्यानेच काही केलं तर?" तो म्हणाला. "हात वर, एक गिरकी, काहीतरी. तुला सुचेल."

मला वाटलं, आता भांडण होणार. व्हर्लीनने ब्रेडवर लोणी लावलं.

"सुचेल," ती म्हणाली. "बदलीन मी."

"बदलशील?"

"तुला मैदान हवंय ना? घे. एवढी वर्षं डांबरावर उभा राहिलायस. मी बदलीन. शेंगांची आमटी नाहीये ती, की आईने शिकवली तशीच करायला हवी."

"तू रागावून बोलतेयस."

"लुशियस, मी रागावते तेव्हा तुला माहीत असतं. शेजाऱ्यांनाही माहीत असतं."

डॉक माझ्याकडे वळला. "पेटवे, तू सांग. तू वरून सगळं बघतोस."

"मला यात घेऊ नका," मी म्हणालो.

"आयडेल काय म्हणाली असती?"

तो सहज म्हणाला. मी विचार केला. आयडेलचं कशाबद्दल काय मत असेल हे मला नेहमी माहीत असायचं. तिने तोंड उघडायच्या आधी माहीत असायचं. पण प्लॅस्टिकचं गवत तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं. मी बराच वेळ विचार केला, तरी तिचं काय मत पडलं असतं ते मला सांगता आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

व्हर्लीनने माझ्या ताटात न विचारता आणखी बीन्स वाढले आणि डॉकला म्हणाली, "तू जेव."

त्या आठवड्यात पदवीदानाच्या शनिवारसाठी बँडचा सराव होता. व्हर्लीनने खरंच बदललं. तिने चार दिवसांत मुलींना उभ्याने करायचं नवं काही शिकवलं. ड्रम थांबले की एका पायावर गिरकी, मग हात वर, मग मान एका बाजूला. मी ग्रंथालयाच्या पायरीवरून बघत होतो. वाईट नव्हतं. मुलींनी ते नीट केलं. कीऑना जरा नाराज दिसत होती, पण तिनेही नीट केलं.

डॉक त्याच्या लाकडी मनोऱ्यावर उभा होता. गाणं त्या जागेवर आलं. ड्रम थांबले. मुलींनी गिरकी घेतली, हात वर केले, मान वळवली. आणि मग अजून वेळ उरला होता. मुली तशाच उभ्या. गाडीतून उतरून कुणाची तरी वाट बघत उभ्या असाव्यात तशा. मागे ट्युबावाले एकमेकांकडे बघायला लागले. मग ड्रम सुरू झाले.

"पुन्हा," डॉक म्हणाला.

पुन्हा तसंच झालं.

"ठीक आहे," त्याने वरून सांगितलं. "थांबणं काढून टाका. सरळ पुढे जा. सरळ! ऐकलं का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी त्या जागेवर आल्यावर अर्धे थांबले आणि अर्धे पुढे गेले. ट्रम्पेट एकीकडे, ट्युबा दुसरीकडे. डॉकने हात वर केला आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी ड्रमवाले न थांबता गेले, पण मुली थांबल्या, कारण त्यांना तिथे थांबायची सवय होती. पहिल्या वर्षाच्या एका क्लॅरिनेटवाल्या मुलीला हसू आलं आणि मग सगळ्यांनाच आलं. एरवी सरावात कुणी हसलं तर डॉक त्या पोराला ग्रंथालयाभोवती धावायला लावतो. त्या दिवशी त्याने कुणालाच धावायला लावलं नाही.

"मिस व्हर्लीन," कीऑनाने खालून विचारलं, "आम्ही नेहमीसारखं करू का? डांबरावर अंथरायच्या चटया आणल्यात."

व्हर्लीनने वर बघितलं. "त्यांना विचार. बँड त्यांचा आहे."

डॉक मनोऱ्यावरून खाली उतरला. त्याला उतरायला आता वेळ लागतो. खाली आल्यावर म्हणाला, "आज एवढंच. घरी जा सगळे."

पोरं पांगली. व्हर्लीन चटया गोळा करायला लागली आणि डॉक तिला मदत करायला लागला. एकही चटई उलगडलेली नव्हती. मी पायऱ्या उतरून त्यांच्याकडे गेलो. तो म्हणत होता, "तिथे दुसरं काही बसत नाही."

"मला अजून एक आठवडा दे," व्हर्लीन म्हणाली.

"तुझा दोष नाहीये. मी ते तुझ्या पडण्याएवढं लिहिलंय. त्यात दुसरं काही बसणार नाही."

"नवं गाणं लिही मग."

"लिहिलं तरी लोक 'खाली' ओरडणारच."

व्हर्लीनने शेवटची चटई उचलली. ती तिने काखेत मारली.

दंतवैद्याला फोन डॉकने घरूनच केला, स्वयंपाकघरातून. तो रविवार नव्हता, पण मी होतो, कारण गाडीत चटया भरायला मीच लागलो होतो. व्हर्लीन बटाटे परतत होती.

"गवत," डॉक म्हणाला. पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. "नाही, मी नीट विचार केलाय... हो, मला माहीत आहे. डीकनने सांगितलंय. पुढचा हंगाम बाहेरून... हो. माझा शेवटचाच... नाही, पोरा, तू ऐक. तू ट्रम्पेट वाजवायचास तेव्हाही मध्येच घुसायचास. गवत. तेच लिहून घे."

त्याने फोन ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"मी बदललं असतं," व्हर्लीन म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"माहीत आहे."

"कुणी नावं ठेवली नसती."

"नसतीच ठेवली. बिचाऱ्यांनी टाळ्याही वाजवल्या असत्या."

तिने बटाटे उलटले. ते एका बाजूने चांगलेच लागले होते. आम्ही तसेच खाल्ले.

कोचला वाटलं त्याच्या बरगड्यांमुळे झालं. तो अजून तसं सांगतो.

जुलैत गवत आलं. ट्रकमधून वळकट्या उतरवल्या आणि ओळीने पसरल्या. ऑडीने नवीन कुलूप आणलं. शाळकरी पोरांनी कुंपणावरून पेन्सिली टाकल्या तरी तो आत जाऊन त्या हाताने उचलायचा. ऑगस्टमध्ये बँड पुन्हा डांबरावर आला. निळी गाडी होतीच. डॉकचा मनोरा असा होता की तिथून कुंपणापलीकडचं मैदान पूर्ण दिसायचं. तो त्याकडे पाठ करून उभा राहायचा, पण बँडमास्तर तसाही कुणाकडे तरी पाठ करूनच उभा असतो, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं पोरांना वाटलं नसावं.

सप्टेंबरमधला पहिला सामना दुपारचा होता. ऊन भयंकर होतं. मी माइकवरून लोकांना पाणी पीत राहायला सांगत होतो. मध्यंतर झालं. बँड मैदानाभोवतीच्या धावपट्टीवर आला आणि मैदानाच्या रेघेला धरून अर्धवर्तुळात उभा राहिला, तोंडं मैदानाकडे. वरच्या बाकांवरून एक जुना विद्यार्थी ओरडला, "डॉक! मैदान तुमच्या नावाने मिळालं आणि तुम्हीच दारात उभे?" लोक हसले. डॉकने टोपी काढून त्याला सलाम केला.

एका ट्युबावाल्या पोराच्या बुटाचं टोक रेघेच्या आत गेलं होतं. पलीकडून ऑडीने बोट दाखवलं. डॉक स्वतः गेला, पोराच्या कोपराला धरून त्याला एक पाऊल मागे घेतलं, आणि परत आपल्या जागेवर आला.

मुलींना मात्र आत जायची परवानगी होती. त्यांच्या पायांत पातळ चपट्या चपला असतात. ऑडीने त्या आदल्या दिवशी हातात घेऊन, तळवे वाकवून बघितल्या होत्या. इतक्या मोठ्या मैदानावर मुली एकट्याच चालत गेल्या. मागे पोरांची भिंत नव्हती. मध्यभागी पोचायला त्यांना वेळ लागला.

डॉक बँडकडे तोंड करून उभा होता. म्हणजे मुली त्याच्या पाठीमागे. नेहमी तो बाजूच्या शिडीवरून दोन्ही बघतो. या जागेवरून त्याला त्या दिसणार नव्हत्या. वळून बघितलं तर पुढचा ठोका द्यायचा राहिला असता.

गाणं त्या जागेवर आलं. त्याने दोन्ही हात मुठी करून थांबवले. बँड गप्प झाला.

"खाली!" सगळं स्टेडियम ओरडलं.

आवाज त्याच्या पाठीवर आदळला असावा, कारण त्याचे खांदे किंचित वर गेले. मग शांतता. मुली गवतावर पडल्या होत्या, हात पसरून. मी माइक बंद केला होता. डॉकने हात तसेच धरले. मनात मोजलं तर ड्रम सुरू व्हायची वेळ झाली होती. त्याने हात हलवले नाहीत. ड्रमवाल्या पोरांच्या काठ्या हवेत होत्या आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. अजून थोडा वेळ गेला. कुणीतरी लहान मूल रडलं ते वरपर्यंत ऐकू आलं. मग त्याने हात खाली आणले आणि ड्रम सुरू झाले.

सामना आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना डॉक बराच वेळ कोचच्या नव्या पोरांविषयी बोलला. मग पाव मोडता मोडता मला म्हणाला, "कसं झालं?"

"काय?"

"काय म्हणजे? मला दिसलं नाही. तू वर होतास."

मी त्याला सांगितलं. कशा चालत गेल्या, कुठे थांबल्या. पडल्या तेव्हा सगळ्या एकदम पडल्या. पडल्यावर गवतात त्यांचे पिवळे कपडे वरून कसे दिसत होते ते सांगायचा प्रयत्न केला, पण मला ते नीट सांगता आलं नाही. तो ऐकत होता. हातातला पाव त्याने खाल्ला नाही.

"मी जरा जास्त धरलं का?"

"जरा."

"पोरींना त्रास झाला का उन्हात?"

"एकीलाही नाही," व्हर्लीन म्हणाली. "उलट कीऑना म्हणत होती, गवत गार होतं, उठावंसं वाटत नव्हतं."

"डावीकडून तिसरी मुलगी उठायला उशीर करत होती," मी म्हणालो.

"चौथी," व्हर्लीन म्हणाली. "तिला उद्या बघते मी."

"असू दे गं," डॉक म्हणाला.

"असू दे काय? तुझे ड्रमवाले उशिरा सुरू झाले असते तर तू त्यांना धावायला लावलं असतंस. पाव खा, गार झाला."